मालक बाहेरगावी हायत

“शिंगाला धर, काश्या. घट धर. अन् त्याच्या डोळ्यात बघू नको.”

हा आमच्या तात्यांचा आवाज. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. पेडगावात, वावराच्या कडेला, लिंबाखाली एक गोऱ्हा आडवा पाडलेला असायचा. तात्यांच्या एका हातात तेल लावलेलं दाभण, दुसऱ्या हातात सुताची वळलेली दोरी. वरचं वाक्य माझ्यासाठी, दरडावून. त्यानंतरचं गोऱ्ह्यासाठी, आणि तेव्हा तोच आवाज साईसारखा मऊ व्हायचा. “उगी राजा, उगी. हुतंय बघ आता. झालं. झालं म्हन.” दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातून दाभण पार व्हायचं, मागून दोरी सरकायची, आणि घटकेपूर्वी शेपटी उंच करून उधळणारा जीव एका दोरीमागं मुकाट चालू लागायचा. त्या दोरीला पुस्तकात वेसण म्हणतात, आमच्याकडं येसन. गावातल्या निम्म्या बैलांची नाकं तात्यांनी टोचली आणि त्याबद्दल कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. माझ्याशी मात्र ते उभ्या जन्मात त्या मऊ आवाजात बोलले नाहीत. मला शिंगं नव्हती, हे माझं दुर्दैव.

गोठ्यातली नाकं सोडली तर आमच्या घरात टोचलेलं नाक आणखी एकच, आईचं. लग्नकार्यात मिरवायची मोत्यांची नथ वेगळी. आईची रोजची. सोन्याच्या बारीक तारेचं वेटोळं, त्यात दोन लाल मणी आणि मधे एक पांढरा. लग्नात माझ्या आजीनं तिच्या नाकात घातली ती पंचावन्न वर्षं तिथंच होती. अंघोळीला नाकात, बाळंतपणात नाकात, तापात, सुतकात नाकात. भाकरी थापताना आईचं डोकं हलायचं, तसे मणी हलायचे, आणि ती स्वतःशीच म्हणायची,

नाकामंदी नथ, तिचा मनी हालतो बोलताना
दूर गेल्या धन्यालाबी दिसतो गं चालताना

तेव्हा तात्या कुठं दूर वगैरे गेलेले नसायचे. परसात दात कोरत बसलेले असायचे.

यंदा फाल्गुनात आईला तीनदा भोवळ आली. तिसऱ्यांदा ती न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली, आणि तेव्हापासून डाव्या हातातून वस्तू गळायला लागल्या. आधी वाटी, मग तांब्या, मग लुगड्याच्या निऱ्या. परभणीच्या डॉक्टरांनी तिला एका रेषेवरून चालवलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “डोक्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय मी एक गोळीही देणार नाही. एमआरआय करा. आठ दिवसांच्या आत. गाठ असेल तर दिवस महत्त्वाचे असतात.” मी हो म्हणालो. मनात म्हटलं, त्यात काय, मशीनमध्ये झोपायचं आणि उठायचं. आयुष्यात मी ज्या ज्या गोष्टीला ‘त्यात काय’ म्हटलं आहे, तिनं मला नाकानं कांदे सोलायला लावले आहेत.

स्कॅन सेंटरवर श्रीनिधी नावाची एक हसतमुख मुलगी होती. तिनं आईच्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र उतरवलं. ते आईनं कुरकुर न करता काढून दिलं, कारण मंगळसूत्र ती धुवायलाही काढायची. मग मुलगी म्हणाली, “आजी, आता नथ.”

“ती ऱ्हाऊ दे.”

“नाही आजी, मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक असतो.”

“लोखंडाची न्हाई माय. सोन्याची हाय.”

“सोन्याची असली तरी आत नेता येत नाही. नियम आहे. तासाभरानं परत घाला की.”

“नथ मालक गेल्यावर काढत्यात,” आई तिला समजावून सांगू लागली, जणू त्या मुलीचंच चुकत होतं. “आमचे मालक गेले न्हाईत. बाहेरगावी हायत. तुझ्या मशिनीला सांग तसं.”

मशिनीला तसं सांगण्याची सोय नव्हती. आम्ही परत आलो.

आता ‘बाहेरगावी’चा खुलासा करतो. शेवटची बैलजोडी विकल्यावर तात्या आमच्याकडं परभणीला, कॉलनीत राहायला आले. गावात ट्रॅक्टर आले होते, ट्रॅक्टरला नाक नसतं. कॉलनीत नाक टोचण्यालायक माणसं बरीच होती, पण त्यांची तयारी नव्हती. तात्या दिवसभर गॅलरीत उभे राहून हातातल्या हातात दोरी वळत राहायचे. चौदा वर्षांपूर्वी एका दुपारी जेवले, पिशवी घेतली, चप्पल घातली आणि म्हणाले, “जरा जाऊन येतो.” आईनं विचारलं, “कुठं?” तर म्हणाले, “जरा.” ते गेले ते गेलेच. तेव्हापासून शिरगणतीवाला येवो, मतदारयादीवाला येवो, गॅसवाला येवो, आईचं उत्तर ठरलेलं. मालक बाहेरगावी हायत. रोज एक भाकरी जास्तीची करायची, दुरडीत झाकून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कुस्करून खायची.

आणि इथंच दुसरीही गोष्ट सांगून टाकतो. वाचकांना सांगायला मला कधीच अडचण नव्हती.

आठ वर्षांपूर्वी मला कचेरीत फोन आला. नर्मदेच्या काठच्या एका लहानशा गावातून. एक म्हातारा धर्मशाळेच्या ओट्यावर झोपेतच गेला होता, आणि पिशवीत माझ्या कचेरीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. मी घरी ‘ट्रेनिंग आहे’ म्हणून सांगितलं आणि गेलो. तात्याच होते. मी अग्नी दिला, डोकं भादरलं, अस्थी तिथंच सोडल्या. परत येताना गाडीत लक्षात आलं की ट्रेनिंगमध्ये कुणी डोकं भादरत नाही. म्हणून परभणी स्टेशनाबाहेरच्या दुकानातून बुंदीचे लाडू घेतले आणि घरी म्हणालो, ट्रेनिंगनंतर तसाच पुढं बालाजीला जाऊन आलो. आईनं प्रसाद कपाळाला लावला, तात्यांच्या वाटणीचा बाजूला ठेवला, उरलेला कॉलनीत वाटला. शेजारचे दत्तराव तर डोळे मिटून म्हणाले होते, “वा काशिनाथराव, बालाजीचा लाडू तोंडात टाकल्याबरोबर कळतो!” त्या लाडवाची चव मला अजून आठवते. इतकी कडू बुंदी मी खाल्लेली नाही.

त्याच दिवशी सांगणार होतो. पण दारात पाय ठेवला तेव्हा आई भाकरी झाकत होती. म्हटलं, जेवण होऊ दे. मग म्हटलं, सकाळी. मग म्हटलं, सण आहे. मी कारकून आहे जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर. मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यावी, पुढं विलंब शुल्क, वर्ष उलटलं तर वरच्या साहेबांचा हुकूम, हे मी रोज खिडकीतून लोकांना ऐकवतो, आणि ‘इतके दिवस काय करत होतात?’ असंही विचारतो. तिकडून आलेला तात्यांचा दाखला माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात, कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली, आठ वर्षं पडून होता.

हे फक्त बायकोला, विमलला, माहीत होतं. स्कॅन सेंटरवरून आल्यावर तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, “सांगून टाका आता. कळलं की त्या स्वतः काढतील.”

“अगं, डोक्याचं दुखणं आहे. धक्का बसला तर?”

“आठ वर्षं डोक्याचं दुखणं नव्हतं.”

बायकांना तारखा फार लक्षात राहतात. मी पेपर उघडला.

माणसाला एक वाक्य बोलायचं नसलं की त्याच्या अंगात केवढी कामसू वृत्ती संचारते, हे पुढच्या चार दिवसांत मी पाहिलं. पहिल्यांदा दत्तरावांकडं गेलो. दत्तराव निवृत्त नायब तहसीलदार. घराला आग लागली तरी ते आधी अर्ज लिहितील. त्यांनी चष्मा पुसला आणि मसुदा सांगितला, “विषय, अर्जदाराच्या मातोश्रींच्या नासिकेतील आभूषणासह तपासणी करणेस विशेष बाब म्हणून परवानगी मिळणेबाबत. सोबत सराफाचा दाखला जोडा, की नथ शुद्ध सोन्याची असून तीत लोहाचा अंश नाही. काम झालंच पाहिजे. नाही झालं तर आपण अपील करू.”

“अपील कुठं?”

“ते अर्ज फेटाळल्यावर बघू,” दत्तराव समाधानानं म्हणाले.

आईला घेऊन किशनराव सराफांकडं गेलो. किशनरावांनी डोळ्याला भिंग लावलं, आईची हनुवटी धरली आणि बराच वेळ नाकात पाहत राहिले. दुकानातल्या दोन बायकाही जवळ येऊन पाहू लागल्या. मी बाहेर रस्त्याकडं पाहिलं. प्रतिष्ठित माणसानं अशा वेळी रस्त्याकडं पाहावं.

“शुद्धतेचा दाखला न्हाई देता येत,” किशनराव म्हणाले. “कसाला लावायची म्हणलं तर काढावी लागंल. अन् काढायची म्हणलं तर निघायची न्हाई. फास कातड्यात बसलाय. कापावी लागंल.”

“मग कापा.”

“मालकांचा होकार?”

“मी मुलगा आहे.”

“तुमी मुलगा हाव हो,” किशनराव भिंग काढत म्हणाले, “पन नथ तुमच्या नावाची हाय का? माझ्या वडलांनी एकदा नवऱ्याला न विचारता एका बाईची नथ कापली. नवरा फौजेत. तो सुट्टीवर आला, घरी न जाता आदी दुकानात आला. ह्या काचा तवाच्या नव्यानं बसवल्यात बघा.”

आई सगळ्या दुकानाकडं विजयी मुद्रेनं पाहू लागली. “सांगत व्हते म्या,” ती म्हणाली. “मानसाला रीत कळते. मशिनीला कळत न्हाई.” आणि उठताना तिचा डावा पाय वळला, आणि त्या दोन बायकांनी तिला सावरलं. मी रस्त्याकडं पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं त्याची मला लाज वाटते, पण सांगायला घेतलंय तर सगळंच सांगतो. आई दुपारी जेवून पडली होती. विमल भाजी आणायला गेलेली. मी विमलचा भुवया कोरायचा चिमटा घेतला, वाटीत साबणाचं पाणी घेतलं, आणि पाय न वाजवता आईच्या उशाशी गुडघे टेकून बसलो. साबणाचा एक थेंब फासावर सोडला. दुसरा सोडला. चिमटा तारेला लावला. तेवढ्यात तिसरा थेंब नाकात गेला, आई सपकन शिंकली, डोळे उघडले, आणि तिच्या उजव्या हातात अजून किती ताकद आहे ते माझ्या गालाला कळलं. त्रेपन्नाव्या वर्षी आईची चपराक खाणारा माणूस कॉलनीत मीच असेन.

“चोरी करायलास व्हय रे? मायच्या नाकातली?”

“आई, तुझ्याचसाठी…”

“माझ्यासाठी? तुझ्या बापानं बैलाचं नाक टोचलं तरी त्याला आदी सांगून टोचलं. अन् तू मी निजल्यावर येतूस.”

कचेरीत सगळ्यांनी गालाबद्दल विचारलं. दाताचं दुखणं म्हणून सांगितलं, तर दाताचे तीन डॉक्टर सुचवण्यात आले आणि लवंगेची एक पुडीही मिळाली.

चौथ्या दिवशी आईला अंथरुणावरून उठताना आधार लागायला लागला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, थांबू नका. सेंटरवाले म्हणाले, शुक्रवारी नंबर लावतो, पण सरकारी योजनेतून करायचं तर आधी मंजुरी आणा. म्हणून आईला रिक्षात घालून मंजुरीच्या खिडकीवर नेलं. आत एक तरुण बसला होता. त्यानं शिधापत्रिका पाहिली. “पहिलं नाव सिताराम. कोण?”

“माझे वडील.”

“त्यांचा अंगठा लागेल. कुटुंबप्रमुख आहेत.”

“मालक बाहेरगावी हायत,” आई बाकावरून म्हणाली.

“कधी येणार आजी?”

“येतील.”

तो तरुण माझ्याकडं वळला. आवाज जरा खाली आणून म्हणाला, “साहेब, हजर करा, नाहीतर मयत असतील तर दाखला आणा. दोन्हींपैकी एक काहीतरी असेलच ना माणूस?”

हे वाक्य मी रोज दहा-बारा वेळा बोलतो. शब्दन्‌शब्द, याच सुरात. खिडकीच्या या बाजूनं ते कसं ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं. माझा खण तिथून चालत दहा मिनिटांवर होता. आई बाकावर बसून डावा हात उजव्या हातानं मांडीवर नीट ठेवत होती, झोपलेल्या तान्ह्या मुलाला ठेवावं तसा.

“दाखला नाही,” मी म्हणालो. “आम्ही पदरच्या पैशानं करू.”

रिक्षात आई खूश होती. “बेस केलंस,” ती म्हणाली. “मेल्याचा दाखला मागतू! तुझ्या बापाला लय राग आला असता.”

घरी विमलनं ताट वाढलं आणि माझ्या पुढ्यात जरा जोरात ठेवलं, एवढंच.

संध्याकाळी दत्तराव नवीन सल्ला घेऊन आले. अर्ज बारगळल्याचं त्यांना दुःख झालेलं दिसत होतं. “हे बघा,” ते म्हणाले, “सराफ, डॉक्टर हे नाकाचे लोक नव्हेत. तुमच्या गावात येसन घालणारा कुणी उरलाय का? कातड्यात रुतलेली दोरी तो काढतो, तर तार काय काढणार नाही?” दत्तराव पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत होते. त्यात त्यांनी दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला असावा.

मी चिडून म्हणालो, “माझी आई म्हणजे बैल आहे का?”

आतून आईचा आवाज आला, “ग्यानबा हाय की! ग्यानबाकडं चला.”

ग्यानबा तात्यांच्या हाताखाली शिकलेला. गोऱ्हा पाडायला तात्या त्याला बोलवायचे, शिंगाला मला. गुरुवारी आम्ही पेडगावला गेलो. मी, विमल आणि आई. ग्यानबाच्या दारात एकच बैल होता, म्हातारा, डोळ्यांत चिपडं आलेला. आमची रिक्षा थांबली तेव्हा ग्यानबा त्याचीच येसन बदलत होता. त्यानं आम्हाला हातानंच ‘बसा’ म्हणून खुणावलं.

मी पाहत होतो. जुनी दोरी झिजून काळी झाली होती. ग्यानबानं नव्या दोरीचं टोक जुनीच्या टोकाला गाठवलं, गाठीला करडीचं तेल लावलं, आणि जुनी अल्लाद ओढत गेला. जुनी बाहेर येत गेली तशी तिच्यामागून नवी आत जात राहिली. बैलानं कानसुद्धा हलवला नाही. माझ्या लहानपणी मी फक्त टोचणं पाहिलं होतं. बदलणं कधी पाहिलं नव्हतं. बहुधा तोवर मी अभ्यासाला पळालेला असायचो.

“काय म्हनता वैनी?” ग्यानबा हात पुसत आईजवळ येऊन उकिडवा बसला. “हात कामून असा धरलाव?”

आईनं त्याला सगळं सांगितलं. मशीन, चुंबक, सराफ, आणि माझा साबण. साबणाच्या ठिकाणी ग्यानबानं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. सगळं ऐकून तो बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

“वैनी, तुमी आत्ता बघितलं न्हवं? बैलाचं नाक रिकामं झालं का?”

“न्हाई.”

“सितारामदादांनीच शिकवलंय. जित्या जनावराच्या नाकातून जुनी काढायची तर नवी तिच्या मागं बांधूनच काढायची. भोक घडीभरबी मोकळं सोडायचं न्हाई. मोकळी येसन मेल्या बैलाची काढायची. मंग तुमच्या नथीला दोरा बांधू. नथ भाईर, दोरा आत. मशिनीतून आलाव की दोऱ्याला नथ बांधू, दोरा भाईर, नथ आत. नाक रिकामं व्हायचंच न्हाई. मंग नथ काढली असं कोन म्हनंल?”

आई विचार करू लागली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच तो भाव पाहत होतो, कायद्याचं कलम तपासणाऱ्या वकिलासारखा.

“दोरा कसला?” तिनं विचारलं.

“लाल. सुती.”

मी लगेच श्रीनिधीला फोन लावला. “मॅडम, नाकात दोरा चालतो का?” तिनं मला प्रश्न पुन्हा सांगायला लावला. मग ती म्हणाली, “दोरा चालेल काका. जरीचा नको फक्त.”

“घाल,” आई ग्यानबाला म्हणाली.

चार दिवस जे सराफाला, चिमट्याला, दत्तरावांच्या शुद्धलेखनाला जमलं नाही ते ग्यानबाच्या जाड, फुटलेल्या बोटांनी केलं. आधी करडीचं तेल लावून तो नुसता गप्पा मारत बसला, पाऊसपाण्याच्या, कुणाची सून कशी आहे त्याच्या. मधेच बोटानं तार जराशी फिरवायचा. अर्ध्या तासानं फास सैल झाला. त्यानं लाल दोऱ्याचं टोक तारेच्या टोकाला गुंडाळलं आणि नथ फिरवत फिरवत बाहेर घेतली. आईनं विमलचा हात धरून ठेवला होता. नथ ग्यानबाच्या तळव्यावर आली तेव्हा आईच्या नाकात लाल दोऱ्याचं वेटोळं होतं, आणि एवढंच झालं होतं.

नथ नसलेला तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तो त्या दिवशीही मला दिसला नाही. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

“सितारामदादांचा काई सांगावा?” निघताना ग्यानबानं विचारलं.

“येतील,” आई म्हणाली.

मी जिंकलो होतो. घरी येताना रिक्षात मला इतकं हलकं वाटत होतं की मी शीळ घालायला लागलो. स्कॅनही होणार, नथही राहणार, भाकरीही झाकली जाणार, आणि मला काही बोलायची गरज उरली नव्हती, आता नाही आणि कधीच नाही. विमल बाहेरची शेतं पाहत होती. मधेच ती एवढंच म्हणाली, “शीळ नका घालू.”

शुक्रवारी सकाळी नंबर होता. श्रीनिधीनं दोरा निरखून पाहिला, हसली आणि म्हणाली, “आजी, छान दिसतो हो.” हमीपत्रावर मी सही केली. अंगावर कोणताही धातू नाही. आईला पांढरा झगा घातला. त्या झग्यात ती इतकी लहान दिसायला लागली की मला क्षणभर वाटलं, हिला उचलून घरी न्यावं. आतल्या दाराजवळ चाकाच्या खुर्चीत तिला बसवलं. आतून मशिनीचा ठोकल्यासारखा आवाज येत होता. कुणाचं तरी आधी चाललं होतं. विमल बाहेर चपलांजवळ थांबली होती. आम्ही दोघंच होतो.

आईनं उजव्या हातानं माझा हात धरला. डावा तिच्या मांडीवर पडून होता. “काशिनाथा,” ती म्हणाली, “लय आवाज करतंय रे हे.”

“काही होत नाही आई. वीस मिनिटं. डोळे मिटून पड.”

“भ्या न्हाई मला. पर मानसाचं काय सांगावं? म्या यातून वापस आले न्हाई, अन् तुझे तात्या आले, तर त्यांना सांगशील का?”

“काय?”

“की तुमच्या सरजीनं नथ काढली न्हाई. दोऱ्यावर ठिवली व्हती. नाक रिकामं केलं न्हाई घडीभर. त्यांनीच शिकवलं व्हतं ग्यानबाला, तसंच केलं, म्हनावं. त्यांना खरं वाटायचं न्हाई, तू सांगितलं की वाटंल. तू लिव्हलेला-वाचलेला. लबाड बोलायचा न्हाईस.” तिनं माझा हात जरासा हलवला. “सांगशील न्हवं?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. आठ वर्षांत मी त्यापेक्षा केवढं मोठमोठं खोटं बोललो होतो. एक हुंकारसुद्धा पुरला असता. आतला आवाज थांबला. दार उघडलं. श्रीनिधी बाहेर आली आणि म्हणाली, “चला आजी.” तिनं खुर्चीची मूठ धरली.

“एक मिनिट,” मी म्हणालो.

“काका, नंबर आहेत मागं.”

“एकच मिनिट.”

मी खुर्चीसमोर खाली बसलो. आई माझ्याकडं पाहत होती. उत्तराची वाट पाहत होती, ‘हो’ची. मला ठाऊक होतं की मी बोललो तर ती कदाचित आत जाणारच नाही. कदाचित तिथंच, त्या मुलीदेखत, बोटानं तो दोरा तोडून टाकेल.

“आई,” मी म्हणालो, “तात्यांना सांगता यायचं नाही गं मला. तात्या गेले. आठ वर्षं झाली. बालाजीला नव्हतो गेलो मी. त्यांनाच पोचवून आलो होतो.”